निखाऱ्यांवरचे बांगडे

माझे बाबा बोटीवर नेमकं काय काम करतात, हे लग्नाच्या वयाची होईपर्यंत मला माहीत नव्हतं. विचारलं की आई म्हणायची, "बोटीर आसत." एवढं उत्तर तिला पुरायचं, मला पुरायचं नाही. बोट म्हणजे काय गावातला पार आहे, नुसतं तिथं असायला? कोणी सुकाणू धरत असेल, कोणी इंजिनापाशी उभा राहत असेल, कोणी दोर ओढत असेल. मग आमचे बाबा काय करतात? फार खोदून विचारलं की आई कळशी उचलून विहिरीवर निघून जायची, आणि भरलेली कळशी पुन्हा ओतून भरून आणायची.

आमचं गाव मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. घराघरातला एक माणूस मुंबईला, आणि एखाद्या घरातला परदेशी जाणाऱ्या बोटीवर. अशा माणसांना गाव आपल्या मनानं बढत्या देत असे. बाबांना कोणी खलाशांवरचे सारंग केलं होतं, कोणी इंजिनाचे मोठे साहेब. आईनं एकाही बढतीला नाही म्हटलं नाही.

ही पन्नासच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. दिवाळी झाल्यावर बाबा लांबच्या रजेवर आले. घरात ते पाहुण्यासारखे वावरायचे. कुठली वस्तू कुठं आहे ते विचारून घ्यायचे आणि वापरून झाली की जागच्या जागी ठेवायचे. आणि एक दिवस बाजारातून येताना ते गड्याच्या डोक्यावर कोळशाचं पोतं घेऊन आले.

आमच्याकडे चुलीत लाकडं, नारळाची सोडणं आणि झावळं जळायची. कोळसा घ्यायचा सोनारानं, लोहारानं, नाहीतर इस्त्रीवाल्यानं. शेजारची काकी कुंपणावरून वाकून म्हणाली, "कोळसो कित्याक गो? सगळ्या गावाची इस्त्री करतलात काय?" मला हसू आलं, पण तोच प्रश्न माझ्याही पोटात होता. मी हातातलं काम टाकून मागच्या दारी जाऊन बसले.

बाबांनी पोतं सारवलेल्या जमिनीवर उपडं केलं आणि कोळसे निवडायला घेतले, आई तांदूळ निवडायची तसे. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. टणटणीत वाजले तर एका ढिगात, बद्द वाजले तर दुसऱ्या. एखादा मोडून आत बघायचे. पूर्ण जळलेला कोळसा आतून चकचकीत काळा दिसतो आणि हाताला फारसा लागत नाही. आत तांबूस राहिला असेल तर ते अजून लाकूडच आहे, ते धूर करणार आणि माशाला वास लावणार. हा खैराचा, हा किंजळीचा, असं ते सांगत होते. करवंटीचा कोळसा का नको, असं मी विचारलं. म्हणाले, पेटतो झटकन, पण टिकत नाही. मासा अर्धा होतो आणि तो विझायला लागतो.

मग त्यांनी चिऱ्याचे दगड दोन रांगांत लावले. लोहाराकडून खिडकीच्या जुन्या गजांची जाळी करून आणली होती, ती वर ठेवली. कोळसे पेटले तसे मी बांगड्यांचं ताट पुढं सरकवलं. त्यांनी ते हातानं मागं सारलं.

"जाळार मासो करपता, शिजणा नाय. थांब वायच."

आम्ही थांबलो. मला थांबणं कधी जमलं नाही, पण त्या दिवशी जमलं. ज्वाळा बसली, काळ्या कोळशांवर पांढरट राख धरली आणि आतून नुसता तांबडा उजेड राहिला. बाबांनी जाळीवर तळवा धरला, मग मलाही तसाच हात धरायला सांगितला. सोसवेना तेव्हा मी तो काढला. "आता बांगडे दी," ते म्हणाले. हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावलेले बांगडे जाळीवर पडले. सोडणाच्या काथ्याची कुंचली करून ते वरून खोबरेल लावत होते. मीठ कमी वाटलं तर चिमटीनं, हात उंच धरून, असं टाकायचे की सगळीकडे सारखं पडावं. आणि डाव्या हातावर पंचा घडी घालून ठेवलेला. तो पंचा तिथं कशाला, हे त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

"बाबा, ह्या तुमी खंय शिकलास?"

"ऱ्हवान ऱ्हवान येता," राहता राहता येतं, एवढंच सांगून त्यांनी बांगडा उलटला.

बांगडा असा लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. वरची साल कुरकुरीत, आतला मासा ओला. पण माझं लक्ष त्या पंच्याकडे होतं; रोज दुसऱ्यांना रांधून वाढणाऱ्याच्याच हाताला अशी सवय लागते. संध्याकाळी मी आईला विहिरीवर गाठलं आणि विचारण्याऐवजी सरळ सांगितलं, "बाबा बोटीर जेवाण करतत."

आईनं आधी आजूबाजूला बघितलं. "कुक आसत," ती हळू आवाजात म्हणाली. "तोंडातून काढलंस तर बघ. तुझा लगीन ठराचा आसा."

तेव्हा मला सगळं उलगडलं. आमच्यात पुरुषानं चुलीपाशी बसणं हेच कमीपणाचं. त्यात बाबा परक्यांना रांधून वाढणार, आणि साहेबांच्या ताटात काय काय जातं हे कोणाला सांगायला नको. लोक विचारणार, ह्यांनी काय काय शिजवलं, काय काय चाखलं? असल्या घरातली मुलगी कोण करणार? आईनं इतकी वर्षं राखलेलं गुपित माझ्यासाठी होतं. मला तिची कीव आली आणि बाबांची जास्त आली. पण कुतूहल काही गेलं नाही, उलट वाढलंच.

त्याच महिन्यात शिरोड्याकडचं एक स्थळ मला बघायला यायचं ठरलं. घर चांगलं, मुलगा शाळेत मास्तर. ते दुपारी जेवायलाच येणार होते. आणि नेमका आदल्या दिवशी आईला कावळा शिवला. ती मागच्या पडवीत बाहेरची बसली. आता चार दिवस तिला कशाला हात लावता येणार नव्हता. मी चुलीपाशी बसले तर पाहुण्यांसमोर डोळे लाल करून जाणार. शेजारच्या काकीनं भात आणि सार करायचं कबूल केलं, पण तिची स्वतःची घाई होती.

"मासे मी बघतंय," बाबा म्हणाले.

पडवीत बसलेल्या आईपाशी दुसरा इलाज नव्हता. "बघा, पण मागल्या दारीच," ती म्हणाली. "पावण्यांका दिसाक नको."

पाहुण्यांना दिसलं नाही, पण वास अंगण ओलांडून पुढं गेला. मी लुगडं सावरत पाणी दिलं, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. मुलगा फार बोलला नाही. एकदाच माझ्याकडे बघून हसला आणि मला तो आवडला. आता ते लपवून काय करायचंय. मुलाचे मामा मात्र सारखे नाक उचलून हवा घेत होते. शेवटी हात धुवायचं निमित्त करून ते उठले आणि घराला वळसा घालून विहिरीकडे गेले. मी आतून धावत मागच्या दाराशी पोचले, तोवर ते निखाऱ्यांपाशी उभे होते. बाबा वाकलेले, हातावर पंचा, चिमट्यात बांगडा.

मामांनी वाकून जाळीकडे बघितलं. "पावण्यांनू, ह्यो हात घरातलो नाय. खंय बसलो?"

पडवीत आईनं डोळे मिटून घेतले. बाबांना काहीही सांगता आलं असतं. मुंबईला मित्राकडे बघितलं म्हणाले असते तरी भागलं असतं.

"बोटीर," बाबा म्हणाले. "मी थय कुक आसय. सायबांचा जेवाण माझ्याच हातचा."

"अस्सा," मामा म्हणाले आणि हात धुऊन पुढं गेले.

पाहुणे जेवले मात्र मनापासून. मुलानं दोन बांगडे काटे बाजूला काढत शांतपणे संपवले, मामांनी त्याहून जास्त. निघताना आमच्या घराची, विहिरीच्या पाण्याची, सगळ्याची स्तुती झाली. आईला मी केळीच्या पानावर वरून वाढलं. ती भात चिवडत बसली. बाबांना ती एक शब्दही बोलली नाही, आणि ते तिच्या नजरेला पडणार नाहीत अशा बेतानं दिवसभर वावरले.

काही दिवस वाट बघण्यात गेले. मग स्थळ आणणारे काका आले आणि ओटीवर टेकून, पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पत्रिका जुळणा नाय म्हणतत."

"पत्रिका दिलीच खंय होती?" मी आतून म्हणाले.

काका चहासाठीही थांबले नाहीत. मला भयंकर राग आला. नकार द्यायचा तर द्या, पण बांगड्यांवर ताव मारून वर खोटं सांगायचं? आणि वाईटही वाटलं. तो हसलेला चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

बाबा मागच्या दारी जाऊन कोळसे रचत होते. खायचं म्हणून नव्हे, हातांना काहीतरी काम हवं होतं. मी शेजारी जाऊन बसले.

"माज्यामुळा झाला ह्या," ते म्हणाले. "मी लवकर परत जातंय."

"जावा," मी म्हणाले. "पण आता लपवूचा काय ऱ्हवला नाय. त्या आधी सगळा सांगा माका."

त्यांनी आधी निखारे धरू दिले. मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. बोट हलते तेव्हा भांडी कशी अडकवतात. अंधार असताना उठून पाव कसा करतात. कुठल्याशा बंदरात किनाऱ्यावर माणसं उघड्यावर कोळसे पेटवून मासे भाजतात, आणि ते करणारे सगळे पुरुष असतात, आणि त्यांना कोणी हसत नाही. तिथं उभं राहून बघत बघत ते शिकले होते. मी आतून आणून दिलेले बांगडे त्यांनी बोलता बोलता जाळीवर लावले. आई दारात तांदूळ पाखडत होती. सूप वाजायचं केव्हा थांबलं ते आम्हाला कळलंही नाही.

"आनी तुमी कधी जेवतास?" तिनं एकदम विचारलं. इतक्या वर्षांत बोटीबद्दल तिनं त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"सगळ्यांचा झाल्यार."

"कोणाबरोबर?"

"एकटोच. बरेचदा उभ्यानच."

लग्न होऊन या घरात आल्यापासून आईही तशीच जेवत आली होती, सगळ्यांची पानं उचलल्यावर, चुलीपाशी, एकटी. तिनं सूप भिंतीला टेकवलं, आत जाऊन दोन पाट आणले आणि निखाऱ्यांजवळच शेजारी शेजारी मांडले.

"बसा," ती बाबांना म्हणाली आणि स्वतःही बसली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"आज तू वाढ गो."