रॅमला फ्रायगाबे कोण देणार?

गाडीचं दार लावल्यावर जो जाड, गुबगुबीत ‘ठप्प’ आवाज येतो ना, त्यातला निम्मा ठप्प आपल्या राजन देवस्थळीचा. जर्मनीत इंगोलश्टाटच्या एका सप्लायर कंपनीत माणसाने अख्खी उमर गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या आखण्यात काढली. लग्नात सासऱ्यांच्या कपाटाचं दारही दोनदा उघडून-मिटून बघितलं होतं, सांगते काय!

वसंतात कंपनीने ते डिपार्टमेंटच बंद केलं. निरोपाला केक होता. राजनने केक खाल्ला, बशी धुऊन ठेवली, घरी आला आणि सोफ्यावर बसला. रडला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. रडला असता तर शोभनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, निदान काय करायचं ते कळलं असतं. हा आपला बसलेला. जेव म्हटलं की जेवायचा. चहा टाका म्हटलं की गॅसपाशी उभा राहून विचारायचा, “आलं घालू?” रोज. घरात रोज आल्याचाच चहा होतो हो!

शोभना दर रविवारी जर्मनीभरच्या पोरांना ऑनलाइन मराठी शिकवते. कॉम्प्युटर कसला, तर सुपरमार्केटच्या ऑफरमध्ये टोमॅटोंच्या शेजारून उचललेला डेस्कटॉप. आठ जीबी रॅम. व्हिडिओ, चित्रं आणि ब्राउझर एकदम उघडलं की त्याला धापच लागायची. एका रविवारी बाई ‘अननस’ म्हणायला तोंड उघडतात न उघडतात तोच स्क्रीन गोठला. पोरांनी त्या उघड्या तोंडाचे स्टिकर केले. म्युनिकची मीनल, जी मराठी मंडळाचे हे सगळे वर्ग बघते, तिने साखरेत घोळून सांगितलं, “शोभनाताई, शाळांची शरदाची सुट्टी संपेपर्यंत मशीन नीट करा हं. नाहीतर तुमचा वर्ग मी घेईन, तुम्ही जरा आराम करा.”

आराम! शोभनाच्या नाकाचा शेंडा लाल झाला. घरात एक माणूस आराम करतोय तेवढा पुरे होता. पण तो वर्ग गेला असता तर तिच्या आठवड्यात उरलं काय असतं?

तेव्हा सोफ्यावरून आवाज आला, “मी बघतो.”

वसंतानंतरचं त्याचं हे पहिलं आपणहून बोललेलं वाक्य. शोभनाने त्या दिवशी शिराच केला.

आणि मग राजन बघतच राहिला. त्याने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं, आतली रॅमची पट्टी वाचली, शेजारची एक खाच रिकामी आहे हे पाहिलं. मग आठची आणखी एक घ्यावी, का ती काढून सोळाच्या दोन? स्पीड कोणता? तक्ता झाला, तक्त्याचा आलेख झाला. सुट्टी सुरू झाली तरी पट्टी काही येईना.

“अहो, घेतलीत का?”

“आल्झो... म्हणजे, बघतोय.”

“मुलीसाठी स्थळं बघितली असतीत तर एव्हाना नातवंडं झाली असती.”

ती मुलगी, ऊर्जा, हॅम्बर्गला असते. तिने फोनवर जर्मनमध्ये झाडलं, “पापा, बेश्टेल डोख आइनफाख!” म्हणजे सरळ मागवून टाका की. राजनही जर्मनमध्येच “या, या,” म्हणजे हो हो, म्हणाला. आणि फोन ठेवून परत तक्त्यापुढे.

शेवटी सुट्टी संपायला चार दिवस उरले तेव्हा शोभना खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. तक्त्यात एक ओळ हिरवी केलेली. आठची एक पट्टी, आत आहे तिच्याच जातीची आणि स्पीडची.

“ही कधी ठरली?”

“पहिल्याच संध्याकाळी.”

“मग?”

राजनने हिरव्या ओळीच्या टोकाच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. वर लिहिलं होतं, फ्रायगाबे, म्हणजे मंजुरी. ऑफिसात साधा स्क्रू जरी बदलायचा तरी तो निवडणार राजन, पण “हो, वापरा” अशी सही करणार दुसरं कुणीतरी. त्या सहीशिवाय त्याने उभ्या जन्मात एक वॉशर मागवला नव्हता.

“सवयीने केली ती चौकट,” तो म्हणाला. आवाज असा, जणू हवामान सांगतोय. “आता कोण देणार?”

शोभनाच्या जिभेवर आलेला टोमणा तिने, कधी नव्हे तो, गिळला. मग म्हणाली, “मी देते.”

“तुला रॅममधलं काय कळतं?”

“काही नाही. तुमच्या साहेबाला तरी बिजागरीतलं काय कळत होतं? तुम्हीच सांगायचात.”

राजन हसला नाही. पण, “गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणाला, चौकटीत ‘शो. दे.’ टाईप केलं आणि ऑर्डर दिली.

पट्टी शनिवारी आली. राजनने ती खाचेत ठेवली, अगदी झोपलेलं बाळ ठेवावं तशी. बटण दाबलं. काळा स्क्रीन, नुसती पीं पीं.

“अहो, दाबा की जरा! मोडत नाही.”

त्याने वायर काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. टक्. खिट्टी बसली. राजन थांबला. पट्टी काढून त्याने परत बसवली. टक्. काम तर झालेलं होतं, हे नुसतं तो टक् ऐकायला.

रविवारी वर्ग न गोठता पार पडला. अननस झाला, आंबा झाला, पोरांनी सगळी उत्तरं जर्मनमध्येच दिली. मीनल मध्येच डोकावून, “अरे वा,” म्हणून गेली. राजन दाराशी उभा होता.

“कसं वाटतंय?” शोभनाने हेडफोन काढत विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “काहीच नाही.”

“बरं. काहीच नाही तर काहीच नाही. चहा टाका.”

तो आत गेला. शोभना वाट बघत राहिली. पातेलं वाजलं, गॅस पेटला, पण रोजचा प्रश्न काही आला नाही. थोड्या वेळाने कप आला.

आलं जरा जास्तच झालं होतं. तिला ठसका लागला, पण तिने कप खाली ठेवला नाही.