आठ मेची साखर

तालुक्याहून आलेला तो कागद आठ दिवस माझ्या जावंच्या देवळीत पडून होता. वर छापलेलं: कोरोनाच्या काळातला तुम्ही न विसरलेला एक दिवस. तुम्ही कुठे होता, काय केलं, दहा ओळीत लिहा. सगळ्या आशाताईंकडून लिहून घ्यायचं आणि पुस्तक काढायचं म्हणे. बाकीच्यांनी जल्दी देऊन टाकलं. एकीनं तर नवऱ्याकडून लिहून घेतलं, त्यात ती किती थोर हे चार वेळा आलं. आमच्या दैवशालाचा कागद मात्र कोरा.

मी नंदाबाई, दैवशालाची मोठी जाऊ. भिंतीला भिंत लागून आमचं घर. माझं तोंड फटकळ हाये हे सगळ्या गावाला माहीत हाये, त्यामुळं तिची वाहवा करायला बसले असं कोणी समजू नये. तिच्यासारखी हट्टी बाई मी पाह्यली न्हाई.

ती हसनाबादची. एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरात आली, आणि एकतिसाव्या वर्षी माझा दीर अंगद ट्रॅक्टरखाली गेला. पदरात एकटा सुमित. लोक म्हणले, माहेरी जा. ती गेली न्हाई. तिनं आशाचं काम धरलं. कोणाची सून दुखायला लागली की डॉक्टरच्या आधी हिची चप्पल दारात. पोलिओचा डोस चुकला तर कपाशीत जाऊन पोराचं तोंड उघडायची. नियम म्हणजे नियम. त्या नियमापायीच आमचं वाजलं.

लॉकडाऊन लागला तव्हा पोरांनी गावाच्या तोंडाशी दोन बल्ल्या आडव्या बांधल्या. मारुतीच्या देवळावरल्या भोंग्यातून दैवशाला रोज सांगायची, एसटी बंद हाये, रेल्वे बंद हाये, बाजार बंद हाये, बाहेरून माणूस आला तर मला कळवा, तो चौदा दिवस शाळेत राहील. माझा सख्खा भाऊ बद्रीनाथ पुण्याहून पायी आला. पाय भोपळ्यासारखे सुजलेले. हिनं त्याला बल्लीपाशी अडवलं. मी म्हणले, माझ्या मागच्या खोलीत ठेवते, कोणाला सांगणार न्हाई. ती म्हणली, अक्का, तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या गावापुढं काय तोंड घेऊन जाऊ. बद्रीनाथ चौदा दिवस शाळेच्या फरशीवर डासात झोपला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. बिलकुल टाकलं. ती अंगणात आली की मी घरात.

आणि मंग तिचा सुमित निघाला. तो पुण्याकडं कंपनीत होता. कंपनी बंद, मेस बंद, खोलीवर तांदूळबी संपला. थोडा पायी, थोडा कांद्याच्या ट्रकमागं बसून असा तो चौथ्या दिवशी संभाजीनगर ओलांडून करमाडला आला. सात मेला दिवस मावळताना ती अंगणात त्याच्याशी फोनवर बोलत होती. मी भांडे घासून राह्यले होते, पण कान तिकडंच. तो सांगत होता की जिल्ह्याच्या हद्दीवर नाका हाये, पोलीस माघारी पाठवून राह्यले, कोणाला काठ्याबी पडल्या. तव्हा ती जे बोलली ते मी माझ्या कानानं ऐकलं.

“रस्त्यानं येऊ नको. रुळानं ये. गाड्या बंदच हायेत. बदनापूरला उतर, सकाळी फाट्यावर मी येते, तिथून आपण बराबर शाळेत जाऊ.”

म्हणजे पोटच्या पोरालाबी ती शाळेतच ठेवणार होती. मला त्याचा रागही आला आणि कुठंतरी बरंबी वाटलं. फोनचं चार्जिंग संपून राह्यलं म्हणून त्यानं ठेवून दिला.

सकाळी आमचे मालक, सर्जेराव, मोबाईल घेऊन चुलीपाशी आले. तोंड उतरलेलं. करमाडजवळ रुळावर मजूर झोपले होते, पहाटं मालगाडी अंगावरून गेली, सोळा माणसं गेले. मी म्हणले, गाड्या बंद होत्या ना? ते म्हणले, सवारीच्या बंद होत्या, मालाच्या चालू होत्या. हे भोंग्यातून कोणी सांगितलं न्हाई. दैवशालाला माहीत न्हाई तर ती सांगणार कुठून?

खोटं कशाला बोलू. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता कळंल तिला. पापणी लवायच्या आत ते गेलं, पण आल्तं. त्याची मला आजबी लाज वाटते. अंगदच्या मागं सुमितला मी माझ्या ताटात जेवू घातलेलं, आणि माझ्याच मनात असं यावं.

तेवढ्यात ती दारात. फाट्यावर जायला निघालेली, खांद्याला पिशवी, पिशवीत पोरासाठी भाकरी, गळ्यात आशाचं ओळखपत्र. दुसऱ्या हातात मोबाईल. तिनंबी पाह्यलं होतं. वीस दिवसांनी ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली.

“अक्का, मीच म्हणले त्याला रुळानं ये.”

मी चूल तशीच सोडली. एका मोटरसायकलवर आम्ही तिघं. ती मधी, मी मागं. तिच्या पाठीला माझी छाती टेकलेली होती, तर तिचं काळीज धडधडतंय ते मला कळून राह्यलं होतं. सगळ्या रस्त्यानं ती फोन लावत होती आणि फोन बंद हाये असं ती फोनमधली बाई सांगत होती. दैवशाला त्या बाईला म्हणली, एकदा लाव ना गं.

बदनापूरच्या फाट्यावर चिटपाखरू न्हाई. दुकानांना कुलपं. तिनं उतरून सुमितला हाका मारल्या. टपरीच्या मागं पाह्यलं, बसथांब्याच्या बाकाखाली वाकून पाह्यलं. मंग म्हणली, चला, तिकडंच चला.

हद्दीवरल्या नाक्यावर आम्हाला अडवलं. एक तरणा हवालदार होता, तोंडाला रुमाल. तिनं ओळखपत्र दाखवलं, हात जोडले, मला फक्त पाहू द्या म्हणली. त्यानं सांगितलं की पुढं कोणालाच सोडायचा हुकूम न्हाई आणि सगळ्यांना संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात नेलं हाये. तरी माणूस बरा होता. म्हणला, वायरलेसवर विचारतो, पोरानं काय घातलं होतं?

तिला सांगता येईना. पोराला पाहून सहा महिने झाले होते. दिवाळीला निळा शर्ट घेतल्ता, म्हणली, पण तोच घातला असंल का ते कसं सांगू. मंग म्हणली, डाव्या गुडघ्यावर वण हाये, लहानपणी बापाच्या ट्रॅक्टरवरून पडल्ता. हवालदारानं फक्त निळा शर्ट लिहून घेतला. मला त्याचा अर्थ कळला, तिलाबी कळला असंल. रेल्वेखाली सापडलेल्या माणसाचा गुडघा कोण पाहतंय?

आम्ही बाभळीखाली बसलो. ऊन मी म्हणत होतं. मालक इकडून तिकडं येरझारा घालून राह्यले. दैवशाला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोलिसाला उठून तेच सांगायची, मीच म्हणले रुळानं ये, गुन्हा माझ्यावर लिहून घ्या. एकानं तिला बाजूला सारलं. मी तिला ओढून खाली बसवलं आणि दंडाला धरून ठेवलं. दुपार झाली. तिनं पिशवीतली भाकरी काढली, पाह्यली, पुन्हा फडक्यात बांधली. मंग तिनं डोळे मिटले आणि मोठ्यानं बोलली, देव बहिरा असल्यासारखी.

“देवा, सोळात माझा नको. कोणाचाबी असू दे, माझा नको.”

मीबी हात जोडले. मीबी तेच मागितलं, तेच शब्द.

थोड्या वेळानं हवालदार आला. म्हणला, ताई, नावं कळले. सगळे मध्य प्रदेशचे, जालन्यातल्या कारखान्यातले. आपल्याकडलं कोणी न्हाई. मालक म्हणले, सुटलो. दैवशालानं त्या पोरसवद्या हवालदाराचे पाय धरले. मंग ती हसली. अंगद गेल्यापासून तिला असं हसताना मी पाह्यलं नव्हतं. मीबी हसले. आपल्याकडलं कोणी न्हाई, आपल्याकडलं कोणी न्हाई, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो, बाभळीखाली, भर रस्त्यात.

तेवढ्यात गावातून मालकांच्या फोनवर फोन. सुमित आला हाये, बल्लीपाशी बसवलाय, आत घेऊ का? दैवशालानं फोन हिसकावून घेतला. रडत होती, हसत होती, आणि सांगत काय होती, तर न्हाई, आत घेऊ नका, तिथंच बसू द्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

पोरगा बदनापूरपाशी रुळावरून उतरून कोणाच्या तरी शेतातल्या बैलांच्या कोठ्यात झोपला होता. झोप लागली ती ऊन अंगावर येईस्तोवर. फाट्यावर आला तर आई न्हाई, फोन बंद, म्हणून शेताशेतानं गावाकडं आला. गावातल्या पोरांनी त्याला बल्लीच्या पलीकडं लिंबाखाली बसवलं होतं, जसं त्याच्या आईनं शिकवलं होतं तसं. निळाच शर्ट घातल्ता.

आम्ही पोचलो, त्याच्यापासून लांबून बल्लीच्या आत आलो. दैवशालानं पिशवीतल्या भाकरीचा तुकडा मोडला, लांबूनच त्याच्यावरून ओवाळला आणि रस्त्याच्या कडंला फेकला. मंग मला म्हणली, अक्का, साखर आणा. माझ्या घरात दोन किलोचा डबा होता. मी पळत गेले, डबा घेऊन आले आणि बल्लीपाशी जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर मूठमूठ साखर दिली. बद्रीनाथलाबी दिली. अंतर ठेवायचं कोणाच्या डोक्यात राह्यलं न्हाई. दैवशालाच्या हातावर दिली, मी तोंडात टाकली. सगळे हसून राह्यले होते. मी एक मूठ कागदावर घेतली आणि बल्लीखालून सुमितपुढं सरकवली.

तो म्हणला, “मोठी आई, साखर कशाची?”

मी सांगितलं. करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा गेले, बाळा, आम्हाला वाटलं त्यात तू हायेस, पण त्यात आपल्याकडलं कोणी न्हाई. मोठ्या खुशीत सांगितलं मी.

सुमितनं साखरेला हात लावला न्हाई. आईकडं पाहत राह्यला. मंग हळूहळू सांगायला लागला. बदनापूरच्या अलीकडं त्याला रुळावर माणसं भेटल्ती. वीसेक असतील, पाठीवर पिशव्या, हिंदी बोलणारी. हा इकडून, ते तिकडून. ह्यानं विचारलं, पुढं पोलीस हायेत का. त्यांनी विचारलं, गाडी येते का. ह्यानं सांगितलं, एकबी आली न्हाई, माझी मम्मी दवाखान्याच्या कामात हाये, ती म्हणते गाड्या बंद हायेत. त्यातल्या एकानं ह्याचं तोंड पाहून विचारलं, खाल्लं का काही. आणि तीन रोट्या काढून दिल्या.

“मम्मी, तेच असतील का?”

तेच होते का, दुसरे होते, कोणास ठाऊक. त्या दिवसात त्या रुळानं किती लोक चालून राह्यले होते. मी तेच बोलायला गेले, पण तोंडात साखर होती.

सुमितनं बॅगमधून रुमाल काढला. दोन रोट्या त्यानं खाल्ल्या होत्या, एक राह्यली होती. जाड, गव्हाची, एका अंगाला करपलेली. बाप्या माणसाच्या हातची, पाहताच कळत होतं. ती दैवशालानं पाह्यली आणि बल्लीखालून वाकून पलीकडं गेली. पोरं ओरडले, काकू, हात लावू नका. जिनं सगळ्या गावाला दीड महिना हात लावू दिला न्हाई तिनं ती रोटी घेतली, पोराजवळ मातीत बसली आणि खायला लागली. तळहाताला साखर चिकटलेली होती, ती रोटीला लागली. दोन घास गिळले. तिसरा गिळता येईना, आणि थुंकताही येईना. तोंडात घास धरून ती तशीच रडत बसली. मी तिच्याजवळ गेले न्हाई. मला बल्ली ओलांडायची हिंमत झाली न्हाई.

ती चौदा दिवस पोरासंगं शाळेत राह्यली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर तो फोटो आला, रुळावर पडलेल्या रोट्यांचा. मी मालकांना म्हणले, तिला दाखवू नका. तिनं पाह्यलाच.

त्यानंतर ती भोंग्यातून बोलली न्हाई. चहाबी बिनसाखरेचा पिते. सुमित आता जालन्यात कामाला हाये, लग्न झालं, पोरगी झाली. बारशाला साखर वाटायची होती तर दैवशाला मागच्या दारानं निघून गेली. मी तिला लई वेळा समजावलं. अगं, ते तेच होते कशावरून? आणि तुझ्या एका शब्दावर ते थोडंच झोपले, थकून झोपले बिचारे. ती ऐकून घेते. मंग म्हणते, अक्का, बाभळीखाली काय मागितलं ते आठवतं ना?

काल तिनं कागद लिहिला. दहा ओळी सांगितल्या होत्या, हिनं तीन लिहिल्या. आठ मे दोन हजार वीस. त्या दिवशी सगळा देश हळहळत होता. मी आमच्या गावात साखर वाटत होते.

खाली सही केली आणि कागद माझ्याकडं देऊन ती लसीकरणाला गेली. मी कागद धरून उंबऱ्यावर बसले. पुस्तक काढणारे हे छापणार न्हाईत, तेवढं मलाबी कळतं. पण तिनं खोटं लिहिलं होतं. साखर तिनं वाटली न्हाई. डबा माझा होता, मूठ माझी होती.

मी चौथीपर्यंत शिकलेले हाये. पेन घेतला आणि तिच्या सहीखाली माझं नाव लिहिलं.