ओवाळणीतला वरचा एक

कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरवूनच जन्माला आलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला घोळ आहे. बाकीचे लोक दुकानात जातात, वस्तू घेतात, फसतात आणि घरी येऊन गप्प बसतात. मामाजी फसत नाहीत. त्यांच्यासोबत जो जातो तो दमतो. चप्पल घ्यायची तर ते ती पायात घालून दुकानाबाहेर पडतात, चौकापर्यंत चालतात, तिथे चहा पितात आणि परत येऊन दुकानदाराला सांगतात, "डाव्या पायाची आवाज करते." तोवर मी दुकानात तारण म्हणून बसलेला असतो. एसटीत चढण्याआधी ते ड्रायव्हरचं तोंड पाहून घेतात. एकदा पवनीच्या स्टँडवर, "याची झोप नाई झाली," असं म्हणून त्यांनी भरउन्हात गाडी सोडली आणि पुढची गाडी येईपर्यंत मी एका टपरीच्या सावलीसोबत सरकत राहिलो. धानाच्या बियाण्याच्या पिशवीवर काहीही छापलेलं असो, मूठभर दाणे ओल्या पोत्यात बांधून ठेवायचे, कोंब पाहायचे आणि मगच पेरायचं. माणसांनाही हाच नियम. आमचं लग्न जुळत होतं तेव्हा त्यांच्या गावी, कोंढ्याला, त्यांनी मला शेताकडच्या बोडीच्या पाळीवर नेलं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. पाण्याकडे बोट दाखवून विचारलं, "किती खोल असन?" मी म्हटलं, "मला पोहता येत नाही." एवढ्यावर त्यांनी घरी येऊन जाहीर केलं की पोरगा खोटं बोलत नाही, आणि लग्न पक्कं झालं. त्या एका खऱ्या बोलण्याचे हप्ते मी आजवर फेडतो आहे.

या तपासखोर माणसाचा एकच विश्वास असा आहे की जो त्यांनी कधीही तपासला नाही. तो म्हणजे वरचा रुपया. आहेर असो, ओवाळणी असो, बारशाला बाळाच्या मुठीत ठेवायचे पैसे असोत, रक्कम शून्यावर संपता कामा नये. तसं आपल्याकडे सगळेच एक वर देतात. पण मामाजींच्या कमरेच्या चंचीत सुपारीपेक्षा रुपयाची नाणी जास्त असतात. मंडपात कुणी वरचा रुपया नसलेलं पाकीट पुढे करताना दिसला की ते आपल्या चंचीतला रुपया काढून त्याच्या हातावर ठेवतात, मग तो ओळखीचा असो नसो. हल्ली एका लग्नात आहेरासाठी मोबाइलने पैसे द्यायची पाटी लावली होती. मामाजींनी माझ्याकडून पाचशे एक पाठवून घेतले आणि वर नवरदेवाच्या हातात एक नाणं दिलं. मी म्हटलं, एक तर गेला ना त्यात. तर म्हणाले, "त्यातला दिसते कोनाले? हिसाब सपला का जानं-येनं सपते, जवाईबापू. वरचा एक राहिला का पुन्हा यावं लागते."

माझ्या सासूबाईंखेरीज त्यांना आणखी एक मोठी बहीण आहे. ते तिला नुसतं 'बाई' म्हणतात. बाई बपेऱ्याला दिलेली. कोंढ्याहून बपेरा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक, पण भाऊबीजेला मामाजी कधी चुकले नाहीत. जेवणं व्हायची, ओवाळणं व्हायचं, आणि ताटात पन्नासाची नोट आणि तिच्यावर एक रुपया पडायचा. महागाई कुठल्या कुठे गेली, पण त्या ताटातल्या आकड्याला दोघांनी हात लावू दिला नाही. मग बाईंचे यजमान वारले आणि त्यांचा मुलगा त्यांना ऑस्ट्रेलियाला आपल्याकडे घेऊन गेला. तिथल्या पहिल्याच दिवाळीत त्या भल्या मुलाने मामाच्या नावाने पन्नास डॉलरची एक नोट आईच्या ताटात ठेवली. बाईंना अलीकडे विसरायला होतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. पण ती नोट त्यांनी उलटून पाहिली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "हे माह्या भावाचं नाई. तो असता त वरता एक टाकला असता."

तेव्हापासून बाईंनी मनाशी धरलं की भाऊ गेला आणि हे सगळे आपल्यापासून लपवून राहिले. व्हिडिओ कॉलवर मामाजी दिसायचे, बोलायचे, त्या टक लावून पाहायच्या आणि मुलाला म्हणायच्या, "फोटोत त तुहे बाबा बी हासतात." जेवणावरून उठायच्या. दुपारी खिडकीत बसून रडायच्या. मी मामाजींना सुचवलं की मुलालाच सांगा ना, पुढच्या खेपेला एक वर ठेव म्हणावं. त्याने तेही करून पाहिलं होतं. बाईंनी त्याला विचारलं, "तुह्या खिशातले काय?" आणि त्या मुलाला आईच्या तोंडावर खोटं बोलता आलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी पोळा झाल्याबरोबर मामाजी भंडाऱ्याला माझ्या दारात उभे राहिले. भाच्याने बाईंच्या नावाने तिथे खातं उघडलं होतं. त्या खात्यात मामाजींच्या खात्यातून एक्कावन्न डॉलर पडायला हवे होते, भाऊबीजेच्या आत, आणि एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न. एक्कावन्न डॉलरचे रुपये किती होतात ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाई एकच हाय." माझी निवड का, तर मी घरबसल्या मोबाइलवरून विजेचं बिल भरतो, ही कीर्ती कोंढ्यापर्यंत गेली होती. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे. दिवसभर लोकांचे अर्ज पाहून घरी येतो तेव्हा मला फक्त पाय लांब करायचे असतात.

परदेशात पैसे पाठवणाऱ्या सेवा किती आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेव्हा मी सुखी होतो. प्रत्येकीची जाहिरात सांगते की आम्हीच स्वस्त, आम्हीच झटपट. मामाजींनी त्या सगळ्यांना बियाण्याच्या रांगेत बसवलं. आधी बँकेतून पाठवून पाहिलं. मधल्या कुठल्या कुठल्या बँकांनी आपापला घास घेतला आणि पलीकडे जे पोचलं त्यात ओवाळणी कमी आणि उष्टं जास्त होतं. मग एक मोबाइलवरची सेवा घेतली, जिच्या पाटीवर शुल्क शून्य लिहिलेलं होतं. तिने शुल्क घेतलं नाही, डॉलरच्या भावातच कापलं, आणि भाच्याचा निरोप आला की बरोबर पन्नास पोचले. मला हायसं वाटलं, म्हटलं जवळ आलो. मामाजींचा चेहरा उतरला. "पाच-पन्नास रुपये अलग घेतले असते तरी चाललं असतं. त्या एकालेच हात कायले लावला?" मी म्हटलं, मामाजी, दर खेपेला तपासण्यातच किती पैसे चालले. तर म्हणाले, "बियानं तपासाचं त मूठभर जातेच."

पैशांची तपासणी झाली की माणसांची. प्रत्येक सेवेच्या मदत क्रमांकावर ते माझ्याच फोनवरून फोन लावायचे आणि पलीकडचं माणूस 'मी आपली काय मदत करू शकतो' म्हणालं की विचारायचे, "तुमी जेवल्या काय?" ज्यांनी ठरावीक वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं ते बाद. आमची ही आतून ऐकत असायची आणि भाकरी जरा जोरात थापायची. शेवटी एका सेवेतली मुलगी म्हणाली, "नाही काका, अजून सुट्टीच नाही मिळाली." मामाजींनी फोन छातीशी धरला आणि मला हळूच सांगितलं, "हे घेऊ." तिच्याशी मग त्यांचं बरंच बोलणं झालं. मधात कोण कोण हात लावते, पैसे अडकले तर कोणाचं नाव घ्यायचं, तिला भाऊ किती, ते कुठे असतात. मी तोवर त्या सेवेचं पान उघडून बसलो होतो. त्यात दोन रकाने होते. आम्ही सगळीकडे वरच्या रकान्यात लिहीत होतो, आपण किती पाठवणार ते. खाली दुसरा रकाना होता, समोरच्याला किती मिळायला हवे, आणि त्यातही लिहिता येत होतं. मी खाली एक्कावन्न लिहिलं. वरचा रुपयांचा आकडा आपोआप बदलून स्थिर झाला. मामाजींनी तो आकडा बोट लावून वाचला. "म्हनजे पयले ताट पाहाचं, मंग खिसा पाहाचा," ते म्हणाले. "हे लोक समजदार दिसतात."

मला वाटलं सुटलो. पण त्या समजदार लोकांनाही तपासायचं होतंच. कागदपत्रं चढवल्यावर मोबाइलने सांगितलं की आता तुमचा चेहरा दाखवा. मामाजी टोपी सरळ करून बसले. मोबाइल म्हणाला डावीकडे पाहा, त्यांनी पाहिलं. उजवीकडे पाहा, तेही पाहिलं. मग म्हणाला, डोळे मिचकवा. आता कोंढ्याच्या पाटलासारखा बसलेला मनुष्य, भाचजवायासमोर डोळे कसे मिचकवणार? ते नुसते रोखून पाहत राहिले आणि मोबाइलने नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. आधारवरच्या फोटोत मिशा होत्या, आता नव्हत्या. उजेड कमी होता म्हणून आम्ही अंगणात गेलो. शेजारीण कपडे वाळत घालता घालता पाहत होती. मी थकलो होतो, माझा आवाज चढला. म्हटलं, "मामाजी, मिचकवा ना एकदाचे. समोर जिवंत माणूस आहे की कागदावरचा फोटो, एवढंच त्याला पाहायचं असतं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग फोनकडेच पाहत म्हणाले, "बाई मानून नाई राहिली मी जित्ता आहो म्हून. आता हे मशीन बी नाई मानत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते जिरवायला त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. मोबाइलवर हिरवी खूण आली. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा सांगितला आणि बराच वेळ उगाच स्वयंपाकघरात उभा राहिलो.

पैसे धनत्रयोदशीच्या आधी गेले आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत कुठेतरी मधेच बसून राहिले. मामाजी कोंढ्याहून सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारायचे, "पोचले काय?" मी नाही म्हणायचो. घरी धानाची कापणी सुरू होती, ती सोडून भाऊबीजेच्या सकाळी ते आमच्याकडेच आले. नवी टोपी, कपाळाला कुंकू. हिने पाट मांडला, रांगोळी काढली, समोर तांब्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडे भाचा दिसला. पैसे आदल्या दिवशी खात्यात पडले होते. तो आईला सोबत घेऊन बँकेत गेला होता. खिडकीवरच्या मुलीने खातं पाहून सांगितलं की भारतातून आलेत, भावाचं नाव सांगितलं, आणि पन्नासाची नोट आणि एक डॉलरचं नाणं थेट बाईंच्या हातावर ठेवलं. ते नाणं बाईंनी रात्री उशाशी घेतलं होतं म्हणे.

मग बाई पडद्यावर आल्या. हातात ताट होतं. ताटात नोट होती आणि नोटेवर नाणं. त्यांनी ते नाणं अंगठ्याने चोळलं, फोनमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "टोपी तिरपी घातलास रे. धान कापलास काय?"

ज्या माणसाने साऱ्या मदत क्रमांकांना हैराण केलं होतं, त्याने आधी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "कापून राहिलो, बाई."

"मंग एवढ्या दिवस आला काहून नाई?"

"गाडी नाई भेटली," मामाजी म्हणाले. पोहता न येणाऱ्या मला ज्यांनी खरं बोलण्यासाठी जावई करून घेतलं, त्यांचं हे एवढंच खोटं मी ऐकलं आहे. बाईंनी दिवा लावला आणि फोनभोवती ओवाळायला सुरुवात केली. मागून भाचा म्हणत होता, आई, लवकर आटप, धूर झाला की इथे घरातला भोंगा वाजतो. बाईंनी अजिबात घाई केली नाही.

जेवण झाल्यावर मामाजींनी मला विचारलं, हे पैसे दर भाऊबीजेला आपोआप जातील असं काही होते काय, म्हणजे आपण नसलो तरी. मी पाहून सांगितलं, या सेवेत तसं नाही, दर वेळी स्वतःच पाठवावे लागतात, आणि मधूनमधून चेहराही पुन्हा दाखवावा लागेल.

"म्हनजे दर साली जित्ता आहो म्हून दाखवा लागन?"

"हो."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बरं हाय," म्हणाले, "मंग राहाच लागन." उठले, चपला घातल्या, आणि जाताना चंचीतून एक रुपया काढून माझ्या मोबाइलवर ठेवला. मी म्हटलं, हा कशाला? तोवर ते दाराबाहेर पडले होते. उत्तर मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला धास्तीच वाटली की हे पुढच्या वर्षी पुन्हा येणार.

यंदा पोळा होऊन बरेच दिवस झाले. मामाजी आलेले नाहीत. गुडघे धरलेत, एसटीची पायरी चढवत नाही, असं कळलं. फोन केला तर म्हणाले, "येतो, ड्रायव्हर पाहून राहिलो." तो रुपया अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. संध्याकाळी कचेरीतून मी तसाच दमून येतो, पाय लांब करायची घाई तशीच असते, पण हल्ली आत शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर पाहून घेतो, चौकापर्यंत चालून पारखलेली मामाजींची चप्पल दिसते का.