वात कोण धरतंय?

मेणाताईच्या हातांना बारमाही मेणाचा वास. चर्चच्या मेणबत्त्या आधी आई ओतायची, आईमागे ती ओतू लागली. बारक्या मेणबत्त्या ती एकटी करी. पण ईस्टरची मोठी, पोराच्या उंचीची मेणबत्ती हे एकट्याचं काम नव्हे. पत्र्याच्या नळीत ओतलेलं मेण निवताना मध्ये खचतं आणि वात एका कडेला ओढली जाते. मेण घट्ट होईपर्यंत कुणाला तरी ती ताणून मधोमध धरावी लागते. ते काम थोरल्या दादाचं. तेवढा वेळ त्याला जागचं हलता यायचं नाही, म्हणून वर्षभराच्या गप्पा, भांडणं, नातेवाइकांच्या नकला, सगळं तेव्हाच उरकायचं.

मग वहिनीनं अंथरूण धरलं. "यंदा मला जमायचं नाही," दादा म्हणाला. कामाच्या घाईत मेणाताईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "बस मग बायकोच्या पदराआड!" ती फटकन बोलून गेली. दादा निघून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. तिनं वात काठीला बांधून भागवलं. मेणबत्त्या दर ईस्टरला एका अंगानं जळत राहिल्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता हिवाळ्यात वहिनीच गेली. अंत्यविधीला मेणाताई मागच्या रांगेत उभी राहिली आणि तोंड न दाखवता परतली.

ईस्टर तोंडावर आला. झाडांना कोवळी पानं फुटली, तरी दादाच्या घरचे पडदे काही सरकले नाहीत. शेवटी मेणाताईनं नळी काखोटीला मारली, मेणाची पिशवी उचलली आणि त्याचं दार वाजवलं.

दादानं तिला नळीसकट न्याहाळलं. "कुणाच्या घरचा नळ उपटून आणलास?"

"आत घेतोस, की इथंच ओतू?"

वहिनीच्या शेगडीवर, गरम पाण्यात डबा ठेवून तिनं मेण वितळवलं. नळीत ओतताच दादानं न सांगता वात धरली.

"वहिनी माझ्यावर रागावली होती का रे?"

"ती कसली रागावते! उलट मलाच ढकलत होती. जा हो, तेवढ्यात मी काही मरत नाही, म्हणे. मीच अडून बसलो." तो वातीकडे बघत राहिला. "पुढं दर वर्षी विचारायची, वात कोण धरतंय आता?"

मेणाताई शेजारच्या स्टुलावर टेकली. "मी यायला हवं होतं."

"हवं होतं," दादा म्हणाला. त्यानं उगीच समजूत घातली नाही.

खोलीत उकडू लागलं. "ती खिडकी उघड जरा, माझे हात अडकलेत," तो म्हणाला. पडदा सरकवताच धूळ उडाली आणि ऊन ओट्यापर्यंत आलं.

मेणाताईनं बोटानं मेण दाबून पाहिलं. "सोड आता. सरळ बसली."

दादानं वात सोडली नाही. "राहू दे अजून थोडा वेळ."

ती पुन्हा स्टुलावर टेकली.