प्लीज, ॲक्सेप्ट करू नकोस

वसईजवळच्या गिरीजच्या इनेझ तुस्कानोला राग आला की ती आरडाओरडा करत नसे. राग ती मुरत घाली. लहानपणी चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी चुलतबहीण रीटाने तिच्या पांढऱ्या झग्यावर चिखलाचा पाय दिला होता. तेव्हापासून दर नाताळला रीटाकडे फराळाचं ताट निघालं की इनेझ केकवरचे काजू तेवढे उचकटून घेई.

"किती वर्षं झाली गं त्याला," आई मार्था म्हणाली.

"झग्याचा डाग गेलाय का?" इनेझने विचारलं.

अशा मुलीची कळ शहाण्या माणसाने काढू नये. पण जितेश मेस्त्री आचोळ्याहून तिच्या कॉलेजात नवा आलेला होता, आणि वर तिथल्या पक्षिमित्र मंडळाचा अध्यक्षही होता.

गोष्ट २००७ ची. मंडळात तेव्हा माणसांपेक्षा दुर्बिणी जास्त होत्या. सगळं कॉलेज फेसबुकच्या आधी गाजलेल्या ऑर्कुटवर पडीक असायचं, म्हणून मंडळातल्या इनेझने तिथे मंडळाची कम्युनिटी, म्हणजे गट, उघडली. वाडीतल्या केळींना पाणी दिलं की ती सायकल काढून पारनाक्यावरच्या सायबर कॅफेत जाई आणि एकेकाच्या प्रोफाइलवरच्या स्क्रॅपबुकात लिहून येई, "मिठागरावर फ्लेमिंगो आलेत. तू कधी येतोस?" मुलं आधी फ्लेमिंगो बघायला आली. मग फ्लेमिंगो बघणाऱ्या मुली बघायला आली. मंडळ भरलं.

स्नेहसंमेलनात मंडळाच्या सरांनी "संगणकाच्या माध्यमातून मंडळ घरोघरी पोहोचवल्याबद्दल" अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. जितेशने वाकून तो स्वीकारला. शाल-नारळाचं तबक धरून शेजारी कोण उभं होतं? इनेझ. नारळही तिच्याच वाडीतला होता.

त्याच संध्याकाळी तिने कम्युनिटीवरचा मंडळाचा फोटो असा कापला की जितेशचं फक्त कोपर उरलं. मग कोपराचीही दया न येऊन तिने अध्यक्षालाच कम्युनिटीतून हाकललं.

दुसऱ्या दिवशी तो कॅन्टीनमध्ये आला. "इनेझ, कम्युनिटी उघडतच नाहीये. काहीतरी एरर आहे."

"एरर नाही. मी काढलंय तुला."

"अगं, मी अध्यक्ष आहे यार."

"मंडळाचा. कम्युनिटी माझी आहे."

"सरांनी दिलं, मी घेतलं. स्टेजवर काय नाही म्हणू?"

"हो," इनेझ म्हणाली. "तेवढंच म्हणायचं होतं."

पुढे मंडळाचं पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि त्याची बातमी इनेझ काही टाकेना. जितेशने स्वतःची वेगळी कम्युनिटी काढली. तिच्यात त्याची नालासोपाऱ्याची मामी आली आणि मामीच्या आग्रहाखातर मामा आले. रिकाम्या हॉलमध्ये मामा-मामींना बगळे दाखवणारा आपण, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि जितेशचा धीर सुटला.

ऑर्कुटवरचे स्क्रॅप सगळं जग वाचायचं. म्हणून गुपित सांगायचं तर लोक ते टेस्टिमोनियल म्हणून पाठवत. टेस्टिमोनियल म्हणजे खरं तर मित्राने लिहिलेलं प्रशस्तिपत्र. ते आधी फक्त ज्याचं त्याला दिसे आणि त्याने ॲक्सेप्ट केलं तरच जगाला. जितेशने लिहिलं, "सॉरी इनेझ. सगळं तूच केलंस, मला तर लॉगिनसुद्धा माझी बहीण करून देते. पण सरांना कळलं तर माझं अध्यक्षपद जाईल. प्रदर्शनाचं टाक ना. प्लीज, ॲक्सेप्ट करू नकोस."

इनेझने ते दोनदा वाचलं. एखादी मऊ मनाची मुलगी विरघळली असती. इनेझने ॲक्सेप्ट केलं. मग प्रदर्शनाची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, "अध्यक्षांचा विशेष संदेश माझ्या प्रोफाइलवर वाचावा."

लोकांनी वाचला. विरारपासून नायगावपर्यंत वाचला. जितेशला कॉरिडॉरमध्ये कोणीही विचारू लागलं, "काय अध्यक्ष, आज ताई घरी आहे ना? लॉगिन करायचंय."

"काढून टाक ना आता," तो इनेझला म्हणाला. "बदला झाला ना तुझा?"

"ऑर्कुटवर झाला. सत्कार स्टेजवर होता."

प्रदर्शनाला मुंगी शिरायला जागा नव्हती. फ्लेमिंगोंकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळे लॉगिन न येणारा अध्यक्ष बघायला आले होते. सरांनीही एव्हाना वाचलं होतं. ते माइक जितेशच्या हातात देऊन खाली बसले.

जितेशने पहिल्या रांगेत इनेझला शोधलं, ती तिथे नव्हती. ती शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हाताची घडी घालून बसली होती.

"ही कम्युनिटी," तो पायांकडे बघत पुटपुटला, "इनेझ तुस्कानोने उभी केली. सत्कार तिचा होता."

पुढचे लोक टाळ्या वाजवणार तोच मागून इनेझचा आवाज आला, "मागे ऐकू आलं नाही, जितेश. परत सांग."