किती पेनवाले तुम्ही?

"आईनं हो म्हटलं तर माझंही हो," असं माझ्या लेकानं जाहीर केलं आणि मोकळा झाला. नातीच्या लग्नाचं सगळं आलं माझ्या गळ्यात. प्रणालीनं स्वतःच मुलगा पसंत केला होता. रोशन नाव, गोंड घरचा, धानोऱ्याच्या पुढच्या गावातला. दोघंही गडचिरोलीत नोकरीला. मी म्हटलं, चला, या निमित्तानं जंगल तर दिसेल! वरोऱ्यातून मी फार तर चंद्रपूरच्या महाकालीपर्यंत गेलेली बाई.

शाळा माझी दुसरीपर्यंत. हे सगळं लिहिते मीच, पेनानं कागदावर. मोबाइलवर चढवते प्रणाली. चुकलं तर तिचं, बरं झालं तर माझं.

सकाळच्या एसटीनं चंद्रपूर, तिथून मूलवरून गडचिरोली. बायांना अर्धं तिकीट, म्हणून गाडीत बायाच बाया. मूलच्या स्टँडवर भजे खाल्ले, गरम होते, तिखट जरा जास्त. पुढं जंगल लागलं आणि खिडकीच्या फटीतून मोहाचा गोड वास आला. वैनगंगेच्या पुलावर नाणं टाकायला गेले तर खिडकीची काच अडकलेली. नाणं परत पिशवीत.

गडचिरोलीच्या स्टँडवर घ्यायला आलेली प्रणाली म्हणाली, "आजी, त्यांच्या गोंडीत पेन म्हणजे देव. माहीत असू दे."

बाजूला सिरोंच्याच्या गाडीची वाट पाहत एक बाई बसली होती. ती खुदकन हसली. "आमच्या तेलुगूत पेनू म्हणजे डोक्यातली ऊ!"

मी पिशवीतला पेन काढून पाहिला. वरोऱ्यात हा दुकानात मिळतो, धानोऱ्याकडं त्याला हात जोडतात आणि सिरोंच्यात फणीनं ओढून काढतात. शब्दाचं काय, ज्या गावात उतरला त्या गावचा होऊन गेला.

धानोऱ्याहून पुढं काळीपिवळी जीप घ्यावी लागते. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा पाणी सोबत ठेवा आणि घाई घरी ठेवा. रोशनच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. भात, उडदाची घट्ट डाळ आणि बिनदुधाचा चहा. चहा माझ्या घशाखाली दुधाशिवाय उतरत नाही, पण तो उतरला.

जेवणं झाल्यावर रोशनच्या आजीनं विचारलं, "तुम्ही किती पेनवाले जी?"

मला अर्थ माहीत होता ना! मोठ्या ऐटीत देव्हारा डोळ्यापुढं आणला. गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबा, महादेव, महाकाली. "सहा!"

रोशननं मान खाली घातली.

त्याची आजी हळूच म्हणाली, "आम्हीबी सहा देवाचेच. सहा-सहा म्हणजे भाऊभाऊ. बहीण-भावाचं लगन कसं लावाचं?"

हो म्हणायला आले आणि माझ्याच तोंडानं पोरीचं लग्न मोडलं की काय! "अहो, ते तर फळीवरचे देव," मी घाईनं म्हटलं, "दोन तर जत्रेतून आणलेले!"

म्हातारी खो खो हसली. "मंग ते मोजाचे नाई. आमचे पेन कुळाचे असतेत, जत्रेत भेटत नाईत. पण पोरगी कोणत्या घरची, हे तं लागते ना?"

शेजारच्या जानकाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचं घर सात देवांचं, सहावाल्यांना चालणारं. म्हणाल्या, "मी लेक मानतो तिले. मले पोरगी नाईच. पाठवणी माझ्या दारातून होईल."

प्रणाली माझ्याकडं पाहत राहिली. माझी नात, न्हाऊमाखू घातलेली, आणि पाठवणी दुसरीच्या दारातून? मी पदर सारखा करत राहिले.

"काऊन गप्प बसल्या बाई?" जानकाबाई म्हणाल्या. "तुम्हीबी या ना माझ्या दारात. दोघी मिळून रडू."

मी हो म्हटलं. जानकाबाईंनी तिथंच प्रणालीच्या पायावर पाणी घातलं आणि स्वतःच्या हातानं तिला भाताचा घास भरवला. निघताना मला मोहफुलांची पुरचुंडी दिली, "लेकीच्या आजीले" म्हणून.

प्रणालीला घेऊन घरी आले, लेकाला सांगितलं, तारीख काढ. संध्याकाळी दिवा लावायला बसले तर हात देवांवरच थांबला. सहाही जण अगदी खेटून बसलेले. त्यांना जरा जरा सरकवलं, कडेला एक जागा केली.

"आजी, इथं कोण?" प्रणालीनं विचारलं. "तुझा पेन ठेवू?"

"चूप बस," मी म्हटलं. "तुझ्या तिकडच्या माहेरचा आहे."

जागा रिकामीच आहे. फूल मात्र रोज सातवंही वाहते.