शून्य नंबर

चिठ्ठी उघडली आणि हसीनाबाई शिकलगार उठून उभ्या राहिल्या.

"अण्णा, माझं नाव काढा," त्या म्हणाल्या.

चिठ्ठीवर एकचा आकडा होता.

आम्ही तिघं परीक्षक स्टेजच्या मागच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. कराडमधली गायन स्पर्धा होती. सकाळी युवा गट झाला होता आणि जेवणानंतर प्रौढ गट होता. कोणी कधी गायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. दोन्ही गटांतला पहिला सांगलीच्या अंतिम फेरीत गाणार होता. चिठ्ठ्यांचा डबा मंडळाचे अध्यक्ष संपतअण्णा यांच्या हातात होता.

"काढा म्हणजे?" अण्णा म्हणाले. "आवं, तुमची गल्ली सगळी आलीया. खुर्च्या कमी पडल्यात."

"म्हणून तर म्हणते. एक नंबरवाला कवा निवडून आलाय? सांगा की. पोरगा म्हणलाय, एकदा गा. नंबर आला तर मी काय बोलणार न्हाई. न्हाई आला तर हा नाद सोड. आता ह्या चिठ्ठीवर मी काय गाऊ?"

हसीनाबाईंचं मंडईजवळ कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. वय पन्नाशीच्या पुढे. लग्नात, बारशात गायच्या, पण स्टेजवर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

आमचे मुख्य परीक्षक थोरात गुरुजी. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, चिठ्ठी म्हणजे नशीब. आम्ही तरी काय करणार?"

हसीनाबाईंचं म्हणणं खोटं आहे असं मात्र कुणीच म्हणालं नाही. मला तेच खटकलं.

मी इथे कशी, ते सांगते. मी मेढ्याजवळच्या गावातली. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.ए.ला संगीत विषय घेतला आहे आणि संध्याकाळी लहान मुलांचे गाण्याचे क्लास घेते. ठरलेले तिसरे परीक्षक आजारी पडले, म्हणून गुरुजींनी मला बोलावलं. परीक्षक म्हणून ही माझी पहिलीच वेळ. घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "म्हंजी परीक्षा तुझी हाय का त्यांची?" मी हसले होते.

सकाळी सुरुवातीलाच गुरुजींनी मला कामाची पद्धत समजावली होती. सूर, ताल, शब्द आणि भाव, मिळून शंभर गुण. एकाचं गाणं झालं की लगेच कागद द्यायचा. मागाहून खाडाखोड करायची नाही, कारण त्यावरून भांडणं होतात. आणि एक महत्त्वाचं. "पहिल्याला पासष्टच्या आसपास ठेवायचं. पहिल्यालाच ऐंशी दिलेस तर पुढे त्याहून चांगला आला की काय देशील? तिथून वर-खाली मोजत जायचं."

ऐकायला पटतं. मीही तसंच केलं. सकाळी पहिली गायली ती मेढ्याची एक मुलगी. आवाज गोड होता, पण अंतऱ्यात, म्हणजे गाण्याच्या पुढच्या कडव्यात, सूर जरा सुटला. मी पासष्ट दिले. गुरुजी म्हणाले, "पहिला माणूस घाबरतोच." पुढे माझी भीड चेपली, हात सैल झाला आणि तिच्यापेक्षा साध्या गाणाऱ्यांनाही मी सत्तर-बहात्तर देत गेले. ती मागे पडली. तेव्हापासून मला काहीतरी टोचत होतं, पण दोन मोठ्या माणसांसमोर बोलायचं कसं, ते कळत नव्हतं.

आता हसीनाबाई पर्स काखेला लावून दाराकडे निघाल्या होत्या.

"गुरुजी," मी म्हणाले. माझा आवाज बारीक आला. "आधी स्पर्धेबाहेरचं कुणीतरी गायलं तर? आपण त्याला गुण द्यायचे, पण धरायचे नाहीत. आपला अंदाज त्याच्यावर बसेल. मग यांचं गाणं पहिलं राहणार नाही."

"म्हणजे शून्य नंबर?" मुजावर सर हसले. ते आमचे दुसरे परीक्षक, मिरजेचे, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतात.

"वेळ कुठाय मॅडम?" अण्णा म्हणाले. मला मॅडम म्हटलं की मी अजून मागे वळून बघते. "पाहुण्यांचा सत्कार व्हायचाय. आन् असं फुकट गाणार कोण?"

मग मीच म्हणाले, "मी गाते."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "वैशाली, नीट विचार कर. तू परीक्षक आहेस. तिथे तू चुकलीस, तर तुझ्या हातचे गुण कोण मानेल? परीक्षक म्हणून कुणी तुला परत बोलावणार नाही."

"हो, गुरुजी."

"मग?"

मी म्हणाले, "मग तुम्ही दोघांनी मला गुण द्या. सगळ्यांना देता तसेच. सवलत नको."

दारात थांबलेल्या हसीनाबाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत होत्या. "पोरीचं ऐकते मी आधी," त्या म्हणाल्या आणि पर्स परत खुर्चीवर ठेवली.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. मग निवेदकाने सांगितलं की परीक्षकांपैकी एक जण आधी एक भजन म्हणतील, त्याचा निकालाशी संबंध नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरच पेपर लिवाय लागलं व्हय रं." हशा पिकला. स्टेजवर चढताना मला आईचा प्रश्न आठवला. या वेळी हसू आलं नाही.

पेटीवाल्या काकांना पट्टी सांगितली. पट्टी म्हणजे गाणारा आपला 'सा' पेटीच्या ज्या सुरावर धरतो ती. क्लासमधल्या मुलांना शिकवते तेच साधं भजन घेतलं. झोपेतून उठवलं तरी म्हणेन असं.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला मला जाणवलं की मला माझा आवाज येत नाही. पेटी येते, तबला येतो, हॉलच्या शेवटच्या भिंतीवरून काहीतरी घुमून परत येतं. मी मात्र कुठेच नाही. मी जोर लावला. जोर लावला की सूर चढतो. अंतऱ्यात तो सुटला. माझ्या कानाला कळलं नाही, ते पेटीवाल्या काकांच्या तोंडावर दिसलं.

पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भजन कसंबसं संपवून खाली पळावं, असं मला फार वाटलं. पण त्याच क्षणी सकाळची मुलगी डोळ्यांपुढे आली. तिचा सूर नेमका इथेच सुटला होता.

मी गाणं थांबवलं. माइकवरच म्हणाले, "दादा, मॉनिटर चालू आहे का?"

मॉनिटर म्हणजे स्टेजवर गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. लोकांना मोठे स्पीकर ऐकू जातात, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज याच्यातून येतो. तो नसेल तर भरल्या हॉलमध्ये गाणारा बहिरा.

साउंडवाल्या बबलूने मशिनवरून मान वर केली. "चालू हाय की, ताई."

"मला काही येत नाही."

त्याने खाली बघितलं. मग कान खाजवला. "आयला. भाषणाला बंद केलावता, तसाच ऱ्हायला."

मुजावर सर परीक्षकांच्या टेबलावरून उठून त्याच्याकडे गेले. "सकाळी कधी चालू केलावतास रं?"

"सकाळी बी भाषणं झाली की, सर. ती माणसं माइकपासनं लांब उभं ऱ्हात्यात. आवाज वाढवला की शिट्टी मारतंय, मग मॉनिटर बंद ठेवायचा. गाणी सुरू झाल्यावर कुणी म्हणलं, ऐकू येईना, की वाढवतो. सकाळी दोन नंबरवाल्या पोरानं सांगितलं, तवा वाढवला."

"आणि एक नंबरवाली?"

"ती काय बोलली न्हाई."

ती बोलणार कशी? पहिल्यांदा स्टेजवर उभं राहणाऱ्याला इथे मॉनिटर नावाची वस्तू असते हेच माहीत नसतं. त्याला वाटतं, भीतीने आपले कान बसले.

मुजावर सर टेबलाशी परत आले आणि गुरुजींना म्हणाले, "आमच्या ऑर्केस्ट्रात पहिलं गाणं आम्ही सगळे मिळून म्हणतो. साउंड नीट लागेपर्यंत एकट्याला पुढे करत नाही. आणि इथे बसल्यावर माझ्या डोक्यात आलं नाही बघा."

गुरुजींनी मला हाताने खूण केली. पुन्हा म्हण.

बबलूने बटण फिरवलं. मी तेच भजन त्याच पट्टीत परत घेतलं. माझाच आवाज पायाशी येऊन उभा राहिल्यासारखा झाला. जोर लावायची गरजच पडली नाही. अंतरा सरळ गेला. गाणं फार भारी झालं असं म्हणणार नाही, पण ते माझं होतं.

खाली आले. दोघांनी दोन्ही वेळचे गुण लिहिले होते. गुरुजींनी त्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. आधीचे एकसष्ट, नंतरचे चौऱ्याहत्तर.

मुजावर सरांनी तो बघितला. "तेरा मार्क त्या बटणात अडकलेवते की, गुरुजी."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग निवेदकाला म्हणाले, "एक नंबर बोलवा. आणि मॉनिटरला आता कुणी हात लावायचा नाही. अध्यक्ष बोलायला उभे राहिले तरी नाही."

"मी कशाला बोलतोय," अण्णा म्हणाले.

हसीनाबाई आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरू केलं. पहिला सूर इतका मोठा लागला की मुजावर सर दचकले. दुकानात धार लावायच्या मोटरीवर आवाज चढवून गायची त्यांची सवय. आणि मग ते झालं. मॉनिटरमधून त्यांचा आवाज त्यांच्याकडे परत आला. त्या अर्धा क्षण थांबल्या. खाली त्या काळ्या खोक्याकडे बघितलं. एवढी वर्षं गायल्या होत्या, पण मोटर, मांडव आणि माणसांचा कालवा यांच्याशिवाय स्वतःला असं कधी ऐकलंच नसावं.

दुसरी ओळ त्यांनी हळू घेतली. तिसरी आणखी हळू. गल्लीतल्या बायका, ज्या टाळ्या वाजवायच्या तयारीने आल्या होत्या, त्यांनी हात मांडीवर ठेवले. मागे उभी असलेली माणसं बोलायची थांबली. अंतऱ्यात त्या वरच्या सुरावर गेल्या आणि तिथे नुसत्या राहिल्या, कसलाही जोर न करता. पेटीवाल्या काकांनी पेटी अगदी बारीक केली.

गाणं संपल्यावर टाळ्या जरा उशिरा आल्या. पण आल्या त्या थांबेनात.

मी ब्याऐंशी लिहिले. कागद न्यायला मुलगा आला, तेव्हा गुरुजींच्या कागदावर माझी नजर गेली. तिथे चौऱ्याऐंशी होते.

"गुरुजी, पुढे याहून चांगला आला तर?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, आगाऊपणा झाला.

"तर पंच्याऐंशी देऊ," ते म्हणाले. "शंभरापर्यंत जागा आहे."

पंच्याऐंशी द्यायची वेळ आली नाही. प्रौढ गटात हसीनाबाई पहिल्या आल्या. निकाल सांगितल्यावर त्यांच्या गल्लीने जो गोंधळ केला, त्याला मॉनिटरची गरज नव्हती. मुलगा गर्दीतून पुढे आला. एमआयडीसीत कामाला असलेला, उंच, लाजरा. आईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"बोल की," हसीनाबाई म्हणाल्या. "लय बोलत हुतास."

"सांगलीला गाडी करायची का यष्टीनं जायचं?" तो म्हणाला.

"गाडी कर."

एक गोष्ट राहिली. सकाळच्या मुलीला परत गायला द्यावं, असं मी गुरुजींना म्हटलं आणि ते लगेच कबूल झाले. युवा गटाचा निकाल त्यांनी अडवून धरला. मी तिला फोन लावला, पण ती जेवायच्या सुट्टीतच निघाली होती. बस साताऱ्याच्या पुढे गेली होती आणि परत यायला गाडी नव्हती. मी तिला मॉनिटरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं मलाच ऐकू येईना झालंय." निकाल होता तसाच लागला. पुढच्या वर्षी तिला आधी स्टेजवर नेऊन आवाज ऐकवायचं मी कबूल केलं आहे. दुसरं काही करता आलं नाही.

सांगलीत हसीनाबाईंचा दुसरा नंबर आला. मी तिथे ऐकायला गेले होते. स्टेजवर गेल्यावर त्यांनी नमस्काराच्या आधी माइकवर विचारलं, "मॉनिटर चालू हाय न्हवं?" दुकानात त्या अजून मोटरीवर गातात. मुलाने अजून काही म्हटलेलं नाही.

त्यानंतर गुरुजींनी मला आणखी दोन ठिकाणी परीक्षक म्हणून नेलं. आता पद्धतच पडली आहे. भाषणं झाली की मी स्टेजवर जाते, एक भजन म्हणते आणि मगच पहिला नंबर पुकारतात. मी शिकले ते एवढंच. 'सूर गेला' असं लिहिण्याआधी गाणाऱ्याला स्वतःचा सूर ऐकू जातोय का, ते बघून घ्यावं. त्याला दोन मिनिटं लागतात.

गुरुजी दर वेळी मला गुण देतात. चौऱ्याहत्तरच्या वर अजून गेलेले नाहीत.